कमानीच्या आधी एक वही: सातारा जिल्ह्यातील ग्रामपंचायतींना खुले पत्र

प्रति,
सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि ग्रामसभेचे सर्व सदस्य,
सातारा जिल्ह्यातील ग्रामपंचायती

स.न.वि.वि.

आपल्या जिल्ह्याला फौजेची ओळख नव्यानं करून द्यायला नको. अपशिंगे मिलिटरीसारख्या एका गावातून पहिल्या महायुद्धात ४६ जण कामी आले, त्यांची आठवण गावानं आजही दगडात जपली आहे. गावोगावी कमानी आहेत, १५ ऑगस्टला शाल-श्रीफळ होतं, सुट्टीवर आलेल्या जवानाला लोक आपणहून पुढं बसवतात. हे सगळं राहू द्या. पण ऑगस्टमध्ये ज्या माउलीचा सत्कार झाला, तिचीच पेन्शन डिसेंबरात थांबलेली असते आणि ती कुणाला विचारावं हे न कळून बँकेच्या पायरीवर बसलेली असते. बहुतेक वेळा कारण इतकं लहान असतं की गावातल्या गावात, वेळेवर, तासाभरात निपटलं असतं.

म्हणून मागणी एकच आहे. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय घेऊन प्रत्येक ग्रामपंचायतीनं सैनिक कुटुंबांची एक नोंदवही सुरू करावी आणि ती सांभाळायला दोन माणसं नेमावीत. एक शक्यतो फौजेतून क्लार्क म्हणून निवृत्त झालेला आणि दुसरी मोबाइल सराईतपणे वापरणारी बाई. बाई असा आग्रह यासाठी, की वीरपत्नी आणि विधवा घरच्या पैशाचं परक्या पुरुषासमोर मोकळेपणी बोलत नाहीत.

२ ऑक्टोबरच का, तर पुढचा महिना नोव्हेंबर. पेन्शन चालू राहण्यासाठी लागणारा हयातीचा दाखला त्याच महिन्यात द्यायचा असतो. ८० वर्षांवरच्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो.

वहीत काय लिहायचं? नाव, सेवा क्रमांक, हुद्दा, पलटण, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) क्रमांक, पेन्शन 'स्पर्श'वर, म्हणजे संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन व्यवस्थेवर आहे की अजून बँकेकडून येते, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड आहे की नाही. त्यापुढं अभिलेख कार्यालय, म्हणजे सैनिकाचं दप्तर ठेवणारं फौजेचं कार्यालय, कारण कागदाची प्रत्येक दुरुस्ती शेवटी तिथंच जाते. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, रणगाडा दलाचं आणि मेकनाइज्ड इन्फंट्रीचं अहिल्यानगरला. आणि मग या वहीतला सगळ्यात मोलाचा रकाना: पत्नीचं नाव डिस्चार्ज बुकात (निवृत्तीवेळी मिळालेली सेवेची वही) जसं आहे तसं, अक्षर न अक्षर. त्याच्या शेजारी आधारवर आहे तसं. त्याच्या शेजारी दोन्हीकडची जन्मतारीख.

हे तीन रकाने भरताना जे दिसेल त्यानं तुम्हाला धक्का बसेल. लग्नात मुलीचं नाव बदलायची आपल्याकडची रीत. माहेरची सुमन सासरी लक्ष्मी झाली. नवऱ्यानं पलटणीत नाव कळवलं सुमन, रेशनकार्डावर लागलं लक्ष्मीबाई, आधार काढताना लिहिणाऱ्यानं इंग्रजीत केलं 'लक्ष्मि' आणि वय विचारून जन्मतारीख टाकून दिली १ जानेवारी. नवरा जिवंत आहे तोवर कागदांवरच्या या तीन नावांनी काहीच अडत नाही. तो गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज जातो तेव्हा संगणकाला या तीन वेगळ्या बायका दिसतात.

फौजेच्या दप्तरी लग्न, मुलांचे जन्म, नावातले बदल हे सगळं 'पार्ट टू ऑर्डर'नं नोंदवलं जातं. कित्येक जुन्या सैनिकांची लग्नाची किंवा धाकट्या मुलाची पार्ट टू ऑर्डर निघालेलीच नसते, कारण सुट्टीवरून परतल्यावर तो कागद द्यायचा राहून गेला. नवरा हयात असताना त्याच्या सहीनं दुरुस्ती करणं सोपं आहे. त्याचा अर्ज, डिस्चार्ज बुक आणि पीपीओच्या प्रती, दोघांचं आधार आणि पॅन, विवाह नोंदणीचा दाखला, नावांबद्दलचं प्रतिज्ञापत्र आणि दोघांचा एकत्र फोटो असा गठ्ठा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अभिलेख कार्यालयाला पाठवायचा. 'या दोन्ही नावांची बाई एकच' असा सरपंचांचा दाखला सोबत जोडा, पण त्या एका दाखल्यावर काम होईल असं कुणाला सांगू नका. प्रतिज्ञापत्राशिवाय फाइल परत येते आणि त्यात दोन-तीन महिने जातात. विवाह नोंदणी झालेली नसेल तर ती तुमच्याच ग्रामपंचायतीत करून द्या, तो अधिकार तुमचा आहे.

जन्मतारखेकडं कुणी लक्ष देत नाही आणि नुकसान तिथंच होतं. कुटुंब निवृत्तिवेतनात वयाची ८० वर्षं पूर्ण झाली की २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला शंभर टक्के. पण पीपीओवर बाईंची जन्मतारीखच नसेल किंवा आधारशी जुळत नसेल, तर ८० कधी झाली हे ठरणार कसं? म्हातारी मागायला जात नाही, पैसे आपोआप येत नाहीत. वहीत ७५ च्या पुढच्या प्रत्येक बाईच्या नावापुढं लाल खूण करा आणि तिच्या जन्मतारखेचा कागद आत्ताच नीट करा. घरात दिव्यांग मूल असेल तर तेही याच रांगेत. त्याला पुढं आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं, पण त्याचं नाव आई-वडील हयात असताना दप्तरी लागलेलं असावं.

आता नोव्हेंबर. ग्रामपंचायतीत किंवा शाळेत एक दिवस ठरवा, दवंडी द्या, व्हॉट्सॲपवर टाका. लागतं एवढंच: इंटरनेट नीट चालणारा अँड्रॉइड फोन, त्यात हयातीचा दाखला काढणारं 'जीवन प्रमाण' आणि चेहरा ओळखणारं 'आधार फेस आरडी' ही दोन्ही ॲप, आणि खिडकीजवळची उजेडाची जागा. बोटाच्या ठशाचं यंत्र असलं तर असू द्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका. पंचवीस वर्षं नांगर, खुरपं आणि ऊस तोडणी झालेल्या हाताच्या रेषा यंत्राला सापडत नाहीत. अंगठा चारदा लावून बघतात, तो लागत नाही, मग म्हातारा माणूस 'माझं आधारच बंद पडलं' असं समजून घरी जातो. चेहऱ्यानं ओळख पटवणं जास्त भरवशाचं आहे. चष्मा काढायला सांगा, टोपी-पदर कपाळावरून मागं घ्यायला सांगा, उजेड चेहऱ्यावर येऊ द्या, पाठीमागून नको. डोळे मिटून उघडायला ॲप सांगतं ते त्यांना मराठीत मोठ्यानं सांगा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो दोन ओळींवर. पेन्शन मंजूर करणारं कार्यालय आणि पेन्शन देणारी संस्था हे ॲप वेगवेगळं विचारतं. ज्यांची पेन्शन 'स्पर्श'वर गेली आहे त्यांनी देणारी संस्था म्हणून प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शनचा (संरक्षण खात्याचं पेन्शनचं लेखा कार्यालय) 'स्पर्श'चा पर्याय निवडायचा. यादीत ते नाव अजून 'अलाहाबाद' म्हणूनच दिसू शकतं. बहुतेकजण सवयीनं देणारी संस्था म्हणून बँकेचं नाव टाकतात, कारण पैसे बँकेत दिसतात. दाखला तयार होतो, क्रमांक येतो, मोबाइलवर संदेश येतो, सगळे निर्धास्त. दाखला मात्र बँकेकडं गेलेला असतो आणि 'स्पर्श'कडं काहीच पोचलेलं नसतं. दुसरी चूक म्हणजे जुना पीपीओ क्रमांक टाकणं. 'स्पर्श'वर गेल्यावर क्रमांक नवा मिळतो, वहीत तोच लिहा. तिसरी, घाईत 'पुनर्विवाह' किंवा 'पुनर्नियुक्ती'पुढं भलतीच खूण होणं. म्हणून दाखला निघाल्यावर काम संपलं असं धरू नका. आठवड्याभरानं 'स्पर्श'च्या संकेतस्थळावर त्या माणसाच्या खात्यात पुढच्या ओळखीची (पुढचा हयातीचा दाखला देण्याची) तारीख एक वर्षानं सरकली का ते पाहा आणि वहीत तारीख टाका. ती सरकली असेल तरच काम झालं.

अंथरुणाला खिळलेल्यांची यादी वेगळी काढा. त्यांच्या घरी तुमच्या दोघांपैकी एक फोन घेऊन जाऊ शकतो. पोस्टमनही घरी येऊन दाखला काढून देतो, पोस्टात सांगून ठेवलं की झालं. आणि एक नियम कडक ठेवा: मदत करणाऱ्यानं कुणाचाही पासवर्ड स्वतःकडं लिहून ठेवायचा नाही, ओटीपी फोनवर कुणालाही सांगायचा नाही. 'पेन्शन ऑफिसातून बोलतोय, खातं लॉक होईल' असे फोन नोव्हेंबरातच जास्त येतात. शिबिरात हे प्रत्येकाला तोंडी सांगा, कागद वाटून भागत नाही.

माजी सैनिक गेल्यानंतरच्या पहिल्या महिन्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण त्या दुःखात झालेली चूक पुढं वर्षभर नडते. एटीएम कार्ड मुलाकडं असतं. पेन्शन येत राहते, तो काढत राहतो. त्यात लबाडी नसते, घराला पैसे लागतात म्हणून काढतो. मग सहा महिन्यांनी मृत्यू कळवला जातो, तारखेनंतरची सगळी रक्कम वसुलीला लागते, आणि आईचं कुटुंब निवृत्तिवेतन त्या हिशेबात अडकतं. दहाव्याला जमलेल्या भावकीत एका जाणत्यानं हे शांतपणे सांगावं: कार्ड ठेवून द्या, मृत्यू कळवा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत विनाशुल्क होते, त्यानंतर विलंब शुल्क, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय होत नाही. नोंद जिथं मृत्यू झाला तिथंच होते. साताऱ्यात दवाखान्यात गेला असेल तर साताऱ्याला, जम्मूत गेला असेल तर जम्मूला. गावच्या रजिस्टरला त्याची दुसरी नोंद करून दाखला देऊ नका, मदत म्हणून सुद्धा नको. दोन दाखले, दोन ठिकाणं, आणि फाइल थांबते.

मृत्यूचा दाखला, पीपीओ, बाईंचं आधार, पॅन आणि त्यांच्या एकटीच्या नावाचं बँक खातं, एवढं हाती असलं की 'स्पर्श'वर मृत्यू कळवता येतो आणि कुटुंब निवृत्तिवेतनाचं काम चालू होतं. पॅन काढलेलंच नसतं हे नेहमीचं. वहीत पॅनचा रकाना म्हणूनच हवा. सैनिक कल्याण कार्यालयातून बाईंचं स्वतंत्र ओळखपत्रही काढून घ्या. रक्कम किती येणार हेही आधी समजावून सांगा. निवृत्तीनंतर पती गेला असेल तर वाढीव दर ७ वर्षं किंवा तो ६७ वर्षांचा झाला असता त्या तारखेपर्यंत, यातलं जे आधी असेल तोवर मिळतो. नंतर शेवटच्या पगाराच्या ३० टक्क्यांचा साधा दर लागतो. हे कुणी सांगितलेलं नसलं की एक दिवस रक्कम उतरते आणि बाई 'पेन्शन कापली' म्हणून दारोदार फिरते, त्यात दलालाच्या हाती लागते.

आजारपणाचं थोडक्यात. ईसीएचएसची पॉलिक्लिनिक साताऱ्यात आणि कऱ्हाडला आहेत. पाटण खोऱ्यातल्या किंवा जावळीतल्या वरच्या वाड्यांतून तिथं पोचायला म्हाताऱ्या जोडप्याचा अख्खा दिवस जातो. महिन्यातून एक दिवस ठरवून चार-पाच जणांना एका गाडीतून नेलं तर औषधं चुकत नाहीत. मोठ्या दवाखान्यात जायचं तर आधी पॉलिक्लिनिकची चिठ्ठी. तातडीचं असेल तर ईसीएचएसच्या यादीवरच्या दवाखान्यात थेट न्या, पण कार्ड दाखल होतानाच दाखवा. घरी सोडताना दाखवलं तर दवाखाना रोख मागून मोकळा होतो. यादीबाहेरच्या दवाखान्यात न्यावं लागलं तर ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवा, आणि तातडीचं असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र, डिस्चार्जचा कागद व तपशीलवार बिलं मूळ प्रतीत ठेवा. परतावा ईसीएचएसच्या दरानं मिळतो, बिलाएवढा मिळेलच असं नाही.

आता जे आज सीमेवर आहेत त्यांचं. जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस किरकोळ रजा असते, पण ती तुकड्यातुकड्यानं मिळते, आणि ईशान्येकडून गावी यायचे-जायचे दिवस वेगळे. तो पंधरा-वीस दिवसांसाठी येतो. वडील वारलेले, सातबाऱ्यावर वारस नोंद करायची. पहिल्याच दिवशी अर्ज दिला तरी फेरफाराच्या नोटिशीला १५ दिवस हरकतीचे द्यावेच लागतात. नोंद प्रमाणित होईस्तोवर तो परत युनिटवर. पुढच्या रजेत पुन्हा तलाठी कार्यालयात पहिल्यापासून सुरुवात.

याला उपाय आहे. वारस नोंदीचा अर्ज त्याची आई किंवा भाऊ करू शकतो, ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइनही करता येतो. रजेच्या तीन आठवडे आधी तो फोन करून कळवील, तेव्हाच अर्ज गेला तर तो घरी येईतो मुदत संपत आलेली असते. जमीन मोजणीच्या नोटिशीचंही असंच. नोटीस दारावर लागते, घरात पत्नी आणि लहान मुलं, शेजारचा खातेदार मोजणीला हजर. अशा घरावर नोटीस लागली की ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी त्याच दिवशी जवानाला फोन करावा, एवढी सवय पाडून घ्या. दावा कोर्टात गेला असेल तर १९२५ चा भारतीय सैनिक (खटले) कायदा आहे. युद्धात किंवा विशेष परिस्थितीत सेवेवर असलेल्या सैनिकाच्या वतीनं कुणीच हजर नसेल, तर कोर्टाला कामकाज थांबवून फौजेच्या अधिकाऱ्याला कळवावं लागतं आणि जिल्हाधिकारीही कोर्टाला तसं कळवू शकतात. पण सामनेवाला फौजेत आहे हे कोर्टाला कुणीतरी सांगायला हवं. कोर्टाची नोटीस घेऊन बेलिफ गावात आला की ते लेखी सांगायचं काम गाव करू शकतं.

घरपट्टी तर सर्वस्वी तुमच्या हातातली. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना एका राहत्या घराच्या मालमत्ता कराची माफी राज्यानं २०२० मध्ये दिली. सैनिक कल्याण कार्यालयाचं प्रमाणपत्र जोडून अर्ज करायचा असतो. तरी अनेक गावांत मागणी बिल जातंच, कारण नमुना ८ ला (कर आकारणीची नोंदवही) घर अजून वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर आहे. आधी नमुना ८ ला वारस लावा, मग माफीची नोंद नमुना ९ ला (कर मागणीची नोंदवही) करा. अर्जाची वाट न बघता वहीवरून यादी काढून हे काम एका मासिक सभेत संपवता येईल.

ज्यांना पेन्शनच नाही असे म्हातारे सैनिक आणि विधवाही गावात असतात, कमी वर्षं सेवा होऊन घरी आलेले. ते सत्काराच्या यादीतही बहुधा नसतात. ६५ च्या पुढच्या अशा व्यक्तींना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून महिन्याला मदत मिळते. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ती ४,००० वरून ८,००० रुपये झाली आहे. मुलांच्या शिक्षणाची मदत १,००० वरून २,००० आणि मुलीच्या लग्नाची ५०,००० वरून एक लाख झाली. यांचे अर्ज ऑनलाइन असतात, मुदत चुकली की हक्क जातो. वहीत या माणसांसाठी वेगळं पान राखा. अग्निवीरांसाठीही वेगळं पान हवं. २०२२ च्या योजनेतली पहिली मुलं चार वर्षं पूर्ण करून घरी यायला लागतील. त्यांना पेन्शन नाही, ईसीएचएस नाही. सेवानिधीची रक्कम एकरकमी हातात येईल, तेव्हा गाडी आणि प्लॉट विकणारे दारात उभे राहतील. त्याआधी त्यांच्याशी कुणी बसून बोलणारं गावात असावं.

शेवटी, पार्थिव गावात येतं त्या दिवसाबद्दल. अशा वेळी गाव जसं उभं राहतं तसं दुसरं कुणी राहत नाही, हे आम्ही जाणतो. तेवढ्यात काही गोष्टी सांभाळा. घरात एक खोली बायकांसाठी मोकळी ठेवा, तिथं कॅमेरा आणि पुढारी कुणीच जाणार नाही. पार्थिवासोबत आलेल्या युनिटच्या प्रतिनिधीचं नाव, क्रमांक आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची यादी एकानं लिहून घ्यावी आणि फाइल पत्नीच्या हाती द्यावी. कोऱ्या फॉर्मवर तिची सही कुणीही घेऊ नये, दिराने किंवा चुलत्यानेही नाही. तिचा खाते क्रमांक आणि मोबाइल टाकलेलं मदतीचं पोस्टर व्हॉट्सॲपवर फिरवू नका, फसवणारे त्याच्याच मागावर असतात. रोख वर्गणी गोळा झालीच तर पावती फाडून तिच्या खात्यात भरा, आणि आई-वडिलांचा वाटा किती हे चावडीवर ठरवू नका. शासकीय रकमांच्या वाटपाचे नियम ठरलेले असतात, गावच्या तोंडी निवाड्यानं सासू-सुनेत कायमची फूट पडते. स्मारक बांधायचं तर गावाच्या पैशानं बांधा, तिला मिळालेल्या रकमेतून नको. मग तीन महिन्यांनी, गर्दी ओसरल्यावर, वहीवरच्या दोघांनी तिच्याकडं पुन्हा जावं आणि काय मिळालं, काय अडलं ते ओळीनं बघावं. खरी अडचण तेव्हाच समोर येते.

वही दोनशे पानी पुरते. ग्रामपंचायतीच्या कपाटात कुलुपात राहू द्या, त्यात आधार आणि पॅन आहेत. रकाने आखलेलं कोरं पान आणि दुरुस्तीच्या अर्जाचा मराठी नमुना ज्या गावाला हवा असेल त्यांना आम्ही देऊ, नेमलेल्या दोघांना एक दिवस बसून शिकवूही. ठरावाची प्रत ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला पाठवा, म्हणजे नोव्हेंबरच्या शिबिरांच्या तारखा एकमेकांवर येणार नाहीत.

जय हिंद.

आपले,
सैनिक कुटुंबांच्या पेन्शन आणि कागदपत्रांचं काम पाहणारे सातारा जिल्ह्यातील काही माजी सैनिक